बाळंतपणं थांबवल्यावर

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि आत्ता कुठे काही सांगावंसं वाटतंय. या महिन्यापासून मी बाळंतपणं घेणं बंद केलं.

काष्टीला तुमच्या हाताखाली नुकतीच आले होते, तेव्हाचा एक दिवस आठवतो. बाजाराचा दिवस, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही आणि तुम्ही खुर्चीत नाही. शोधत मी मागच्या अंगणात येते, तर तुम्ही गाडीत बसलेले. गाडी बंद, काचा वर. मी काच वाजवते. "सर, पेशंट खोळंबलेत." तुम्ही म्हणता, "येतो. पाच मिनिटं मला कुणी डॉक्टर म्हणू नका." मला थट्टा वाटली. हसले आणि आत गेले. तुम्ही आलात ते नेहमीसारखेच, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांबरोबर त्यांच्या सुनांचीही चौकशी करत. तुम्हाला काय होतंय, हे मी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाही.

पुढे पारनेरला मी स्वतःचा दवाखाना काढला. सुरुवातीला बाळ रडलं की माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं. ते कधी थांबलं, कळलं नाही. यंदा पावसाळ्यात एक मुलगी फार अडली होती, रक्तस्राव थांबेना. दोघं वाचली. तिची आई पेढे घेऊन आली, माझे हात धरून रडली, आणि मी मोबाईल बघत म्हणाले, "ठेवा तिकडे." ती हलली नाही.

"म्याडम, तुमाला बरं न्हाई का?"

"बरी आहे."

"न्हाई. लई दमल्यागत दिसताय. घरी कुनी हाय का इचारायला?"

ती गेल्यावर मी दार लावून नुसती बसून राहिले. रडूसुद्धा येईना, त्याचीच भीती वाटली. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच.

आता बाळंतपणाच्या पेशंटना मी नगरला डॉक्टर मैत्रिणीकडे पाठवते. "आमी कुठं जायाचं?" बायका विचारतात आणि त्यांचं चुकत नाही. सकाळी तपासणी करते, दुपारी घरी जेवते. काल एक सासू सुनेची तक्रार सांगत बसली, मी तिला थांबवलं नाही. शेवटी दोघीही हसलो.

हे तुमच्या मुलांना वाचायला देता आलं असतं, पण नको. तुम्ही कधी थकत नव्हता, असंच ते सगळ्यांना सांगतात. एक मात्र तुम्हालाच सांगते. एखादी अवघडलेली बाई दारातून नगरच्या रस्त्याला लागली की मला वाईट वाटायला हवं. वाटतं, पण नंतर. आधी हायसं वाटतं.