‘ण’चा ‘न’

प्रिय भुंग्या,

पहिली चार वाक्यं वाचून तू पत्र बाजूला ठेवशील, म्हणून मोठी गोष्ट आधीच सांगून टाकते. येत्या गुरुवारी सकाळी आठ वाजता माझ्या जिभेचं ऑपरेशन आहे. गाठ आहे, वाईट जातीची. आणि मी घाबरले आहे. कशी घाबरले आहे सांगू? कालपासून दाराची कडी लावली की नाही ते चार चार वेळा बघून येते, जसं काही ते दारातूनच आत येणार आहे. येऊन बसलंय तोंडात, आणि मी कडी तपासते आहे.

फोन केला नाही, कारण आठ महिन्यांपूर्वी तू माझा फोन ठेवलास आणि बरोबर केलंस. चार वर्षांची टिल्ली मला म्हणाली, आजी, मी घली आहे. दुसऱ्या कुठल्याही आजीनं विचारलं असतं, जेवलीस का गं, काय खेळतेस. मी म्हणाले, घली नाही, घरी. जीभ वर ने, पुन्हा म्हण. सात वेळा म्हणायला लावलं पोरीला. आठव्या वेळेला पलीकडून नुसते हुंदके ऐकू आले आणि मग लाइन बंद. जित्याची खोड म्हणतात ती हीच. त्यानंतर मी रोज ठरवत होते की आज फोन करायचा, आणि रोज मला वाटायचं की तिनं फोन उचलला आणि पुन्हा ‘घली’ म्हणाली तर मी गप्प बसू शकेन का? मला माझीच खात्री नव्हती.

आता गाठीचं कळलं कसं ते ऐक, तुला हसू येईल. माझा शुद्ध उच्चारांचा वर्ग अजून लाँड्रीच्या वरच्याच खोलीत भरतो. खालून इस्त्रीची वाफ येते, फळा ओला होतो, खडू उमटत नाही. सहा जण येतात. त्यातला एक बस चालवतो, अकरा वर्षं येतोय, कामावरून थेट, गणवेशातच. मी फळ्यापाशी उभी राहून मूर्धन्य वर्ण म्हणून दाखवत होते, ट ठ ड ढ ण, जिभेचं टोक मागे वळवून वर टेकवायचं वगैरे, नेहमीचंच. त्यानं हात वर केला. म्हणाला, बाई, रागवू नका, पण तुम्ही शेवटी ‘न’ म्हणालात. माझं डोकं फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला असं बोलू नये, असं मी त्याला ठणकावलं. सगळा वर्ग हसला, कारण मी तासभर तेच तर शिकवत होते. मग मीही हसले. घरी येऊन मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला. दहा वेळा ‘ण’ म्हणाले. दहाही वेळा ‘न’ होता.

शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला असता. मी सराव सुरू केला. तीन महिने, भुंग्या, तीन महिने मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून दोनशे वेळा टवर्ग घोकत होते. आधी वाटलं आळस आहे, मग वाटलं वय आहे, मग वाटलं काहीतरी पाप आहे. जिभेच्या कडेला चरचरायचं, तर मी म्हणायचे, सरावानं सोललं असेल. मिठाच्या गुळण्या करायच्या आणि पुन्हा सुरू. मी गाठीला उच्चार शिकवत होते. शेवटी त्या बसवाल्यानंच मला हाताला धरून दवाखान्यात नेलं. तो म्हणाला, बाई, गाडी एका बाजूला ओढायला लागली की आम्ही स्टिअरिंगवर हात बसवत बसत नाही, सरळ वर्कशॉपला नेतो. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तुझ्याहून लहान असतील. त्यांनी विचारलं की इतके दिवस काय करत होतात. मी म्हणाले, गुळण्या. तीन महिन्यांपूर्वी आला असतात तर नखाएवढा तुकडा काढून भागलं असतं, असं त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी कागदावर तोंडाचं चित्र काढलं, बाजूनं चिरलेलं, घसा, टाळू, दात, ओठ. मी चाळीस वर्षं फळ्यावर काढते तेच चित्र. त्या पेनानं दाखवत होत्या, इथपासून इथपर्यंत काढावं लागेल, आणि मी मनात अक्षरं मोजत होते. ही वर्णमाला कुणी लावली असेल तो माणूस स्वतःच्या तोंडात बसून आला असणार, असं मी वर्गात नेहमी म्हणते. क घशाशी, च टाळूला, ट त्याच्याही वर, त दाताला, प ओठावर. आवाज आतून निघतो आणि एकेक पायरी करत बाहेर येतो, एकही पायरी इकडची तिकडे नाही. तर पुढचा आणि डावीकडचा भाग गेला की चवर्ग गेला, टवर्ग गेला, तवर्ग गेला, र आणि ल गेले, श, ष, स जवळजवळ गेले. क राहील. प फ ब भ म राहतील, त्यांना जीभ लागतच नाही. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की गिळता येईल, हळूहळू माणसांना बोललेलं समजेल. मी त्यांना विचारलं, ‘ष’ येईल का?

तुझ्या आजोबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी पाच वर्षांची असताना मला शिकायला बसवलं. ‘म्’ म्हणताना ते माझ्या टाळूवर हात ठेवायचे, डोक्यात गुणगुण पोचली का ते बघायला. अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते, असं ते सांगायचे, आणि पुढे हेही सांगायचे की चुकीचा उच्चार हवेत विरत नाही, तो म्हणणाऱ्यावरच उलटतो. एका अक्षरानं अर्थ फिरतो हे खोटं नाही. ‘ध’चा ‘मा’ झाला की जीव जातो, हे आपल्याकडे पोरंही जाणतात. मी ते सगळं खरं मानलं. आणि ते मला लाभलंही, ते नाकारणार नाही. तुझे बाबा गेले त्यानंतरचे पंधरा दिवस मी फक्त स्तोत्रं म्हणत होते, सकाळी चाळीस मिनिटं, संध्याकाळी चाळीस. अर्थाकडे लक्ष नव्हतं. प्रत्येक वर्ण आपल्या जागी टेकला की छातीतली धडधड एकेक पायरी खाली उतरायची. त्या आवाजांनी मला उभं ठेवलं. दुसरं कुणी नव्हतं, तूही नव्हतास, आणि का नव्हतास ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

म्हणून आता माझी पाचावर धारण बसली आहे. आजोबा खरे असतील, तर गुरुवारनंतर मी जे म्हणेन ते कुठे पोचणार नाही, किंवा पोचेल आणि उलटेल. इतकी वर्षं ज्याच्याशी बोलत आले त्याच्या दारात मी मुकी उभी. ही एक भीती. दुसरी तिच्याहून वाईट आहे आणि ती मला या आठवड्यातच सुचली. आजोबा खरे नसतील, बोबडं बोललेलंही तितकंच पोचत असेल, तर मग मी तुझं जे केलं ते कशासाठी केलं?

तू सहा वर्षांचा होतास. त्याआधी घरभर गुणगुणत फिरायचास, म्हणून तर भुंगा. तुला ‘र’ येत नव्हता, ‘ल’ म्हणायचास. मी तुला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभं करून चमच्याचा दांडा जिभेखाली घालायचे, वर उचलायला. एकदा रक्त आलं. मी पदरानं पुसलं आणि म्हणाले, पुन्हा. महिन्याभरात तुझा ‘र’ असा लख्ख आला की मी तो शेजारीपाजारी ऐकवत फिरले. त्याच महिन्यात तू प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला अडकायला लागलास, ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही. तू अडखळलास की मला धीर निघायचा नाही, मीच शब्द पुरवायचे, मग पुढचाही मीच, आणि हळूहळू तू बोलायचाच थांबलास. सूनबाई एकदा मला म्हणाली होती की तू लिफ्टदुरुस्तीचं काम घेतलंस ते वरच्या खोलीत यंत्रापाशी एकटं राहता येतं म्हणून, तिथे कुणी काही विचारत नाही. मी तेव्हा तिला म्हणाले, काहीतरीच तुझं. तिचं खरं होतं. रक्ताची ती आठवण मी तीस वर्षं शिकवण्याच्या नावाखाली झाकून ठेवली होती. मला माफ कर असं लिहिणं फार सोपं आहे, म्हणून एकदाच लिहिते. मला माफ कर.

आता हे पत्र का, ते सांगते. गाठ जिभेच्या मुळापर्यंत गेली आहे का, ते आत गेल्याशिवाय कळणार नाही. गेली असेल तर सबंध जीभ काढावी लागेल. त्या वेळी मी बेशुद्ध असेन, म्हणून काढायची की तिथेच थांबायचं हे आधी लिहून द्या, नाहीतर बाहेर बसून सांगेल असं माणूस द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. न काढली तर वर्षभर, त्याहून जास्त नाही. तो कागद मी दोनदा पुढ्यात घेतला. ‘हो’ लिहवेना आणि ‘नाही’ही लिहवेना, मला जगायचंही आहे आणि त्या आवाजांशिवाय जगायची भीतीही वाटते. तुझ्या तोंडाचं काय करायचं ते सगळं मी ठरवलं होतं. माझ्या तोंडाचं तू ठरव. मी तुझं नाव लिहून दिलं आहे. हे ओझं तुझ्यावर टाकायचा मला हक्क नाही आणि तरी टाकते आहे, कारण तू जे सांगशील ते मला चालेल, आणि असं मला दुसऱ्या कुणाबद्दलही म्हणता येत नाही. डॉक्टरीणबाई मधेच बाहेर येऊन तुला विचारतील. त्यांना घाई असेल. मी त्यांच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं आहे की माझा मुलगा बोलताना अडखळतो, त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचं, कितीही वेळ लागला तरी मधे शब्द पुरवायचा नाही. त्या थांबतील.

तुझी वाट बघणारी,
तुझीच,
आई