तंबाखूच्या पानावरचा डाग

गुरु., १३ नोव्हें.
आजपासून मी विस्थापित. गॅलरीतली माझी खुर्ची, जिच्यावर बसून मी इतकी वर्षं जगाला नावं ठेवली, ती आता हॉलमध्ये चपलांच्या कपाटाशेजारी. तिच्या जागी तंबाखूची तीन रोपं. ठाण्याच्या कॉलेजात लॅबचं रंगकाम निघालं म्हणून आमच्या कन्येने, सायलीने, एम.एस्सी.चा प्रोजेक्ट डोंबिवलीत, घरी आणलाय. पुनर्वसनाचं विचारलं.
"सोमवारपर्यंत, बाबा. सोमवारी सरांना पान दाखवलं नाही तर टर्म गेली."

शुक्र., १४
फ्रीजमध्ये श्रीखंडाशेजारी बाटली. वर चिठ्ठी: 'बाबा, हे नाही.' आत जंतूचं प्रोटीन. संध्याकाळी सा.ने बिनसुईच्या सिरिंजने ते पानांत भरलं. डाव्या अर्ध्यात प्रोटीन, उजव्यात नुसतं पाणी. दोन पानं फाटली, एकच टिकलं. प्रोटीन ओळखीचं निघालं की पानाला म्हणे कळतं, जंतू आला. मग ते तेवढ्या भागातल्या आपल्याच पेशी मारून टाकतं. शत्रूला पुढे वाटच नको.
म्हटलं, आपल्या सोसायटीसारखं. लिफ्टमध्ये कुणीतरी थुंकला म्हणून कमिटीने लिफ्टच बंद केली!
बराच वेळ हसलो. एकटाच. ती पुढे काहीतरी सांगत होती.

शनि., १५
शेजारचे सावंतनाना ग्रिलमधून डोकावले. काकूंनी त्यांची तंबाखू बंद केल्यापासून नजर भिरभिरती.
"मेल्या, तंबाखू लावलंस आणि माका पत्तो नाय?"
"सायलीची आहे, नाना. परीक्षेची."
"परीक्षा माझी चालू आसा."

रवि., १६
सा. मैत्रिणीकडे. पाहतो तर त्या पानाचा डावा अर्धा तपकिरी, कागदासारखा वाळलेला. कीड! पसरायच्या आत कात्रीने पान छाटलं. फेकणार, तेवढ्यात नाना: "टाकतंस कित्याक? हडे दी." दिलं. बागकामात आपल्याला गती आहे, असं वाटलं.
सा. आली, गॅलरीत गेली. ओरडली नाही. तिथेच घाबरलो.
"बाबा, डाग पडला म्हणजेच जमलं. शुक्रवारी दोनदा सांगितलेलं."
सांगितलं असणार. लिफ्ट सुचली आणि माझे कान बंद झाले.
अनवाणी नानांकडे. चघळलं असेल तर...
"गादीखाली सुकत घातलंय."
निघालं. इस्त्री केल्यासारखं. डावीकडे डाग, उजवीकडे साफ हिरवं. काकू देवळात होत्या, नशीब.
"फुकट नाय हां. पानाक पान व्हया."

सोम., १७
फोटोफ्रेममधून माझा सत्काराचा फोटो काढून सा.ने त्यात पान बसवलं नि गेली. फ्रेमला प्रथमच काही अर्थ आला. दुपारी मेसेज: 'सर विचारतात, झाडावरून तोडलं कुणी? चालेल की नाही ते उद्या सांगतो म्हणाले.'
कुणी ते तिने सांगितलं का, विचारायचं धाडस झालं नाही.
खुर्ची अजून हॉलमध्येच. उरलेल्या पानांना हात न लावता रोपांना पाणी घातलं. नाक्यावरून मसाला पान आणलं, बिनतंबाखूचं. काकूंची सिरियल लागल्यावर ग्रिलमधून नानांच्या हातात दिलं. त्यांनी हुंगून पाहिलं आणि गालात सारलं. मी विनोद केला नाही.