फक्त पहिली फेरी

दि. १४ मार्च

चिरंजीव शालकमहाशयांस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. तुझ्या ताईचा गुडघा बरा आहे, तोंड त्याहून बरं. रोज ताटावर बसलो की विचारते, "माझ्या भावाने म्हणे तुमचं अकरा हजार ओळींचं काम चारशे ओळींत केलं?" मी म्हणतो, "हो. वाढ."

त्या चारशे ओळी मी वाचल्या. पुलाचे मनातल्या मनात दोन लाख तुकडे पाडायचे, एकेकावरचा ताण मांडायचा आणि सगळं पुन्हा जोडायचं, हेच मी एकोणीस वर्षं फोरट्रान या जुन्या संगणकभाषेत करत आलो. तुझं सूत्र, माझं भाष्य, असं म्हणून सुटलो असतो. पण भाष्य सूत्रानंतर येतं, इथे सगळं उलटं. वाचताना दोनदा तोंडातून "वा" निघून गेलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "ढास लागली."

आमच्या ऑफिसने नव्या प्रोग्रामसाठी अर्ज मागवले, तू अर्जासोबत तुझा पाठवलास आणि साहेबांनी तो तपासायला मलाच दिला. माझा मेहुणा आहे, मी नको, असं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

परवा तुझं पत्र आलं. "भाऊजी, तुम्ही मोजलंत म्हणजे विषय संपला. माझं हळू आहे. मी अर्ज मागे घेतोय." इतकं निमूट मानायची काय गरज होती रे? आमच्या लग्नाच्या वेळी तू बारा वर्षांचा. पत्त्यांत हरलास की तीन तीन दिवस भांडायचास माझ्याशी.

अहवालात मी लिहिलं, माझा प्रोग्राम बावन्न सेकंद, तुझा दोन मिनिटं दहा. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त, तुझी नवी संगणकभाषा पहिल्या फेरीत, म्हणजे प्रोग्राम पहिल्यांदा चालवताना, आधी त्याचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करून घेते आणि मग धावते. माझं भाषांतर आदल्या दिवशीच करून ठेवलेलं होतं. मी तुझी पहिली फेरी तेवढी लिहिली.

भाऊजींना हे ठाऊक नव्हतं का? नव्हतं, असं लिहिलेला एक कागद आत्ताच फाडला.

दुसरी फेरी मी मोजली होती. एकोणपन्नास. तिसरी, एकोणपन्नास. अकरा वेळा मोजली, एकदा तरी त्रेपन्न यावेत म्हणून.

आज सकाळी ते सगळे आकडे साहेबांपुढे ठेवले. "आधी का नाही दिलेत?" म्हणाले. म्हटलं, "हेवा वाटला." त्यांना वाटलं मी नेहमीसारखी थट्टा करतोय, हसले. तू हसू नकोस. गुरुवारी निर्णय आहे, त्याआधी अर्ज पुन्हा दे.

ताईला अजून सांगितलेलं नाही. पत्र टाकायला तीच जाणार आहे, म्हणून पाकीट चिकटवत नाही.

तुझा, तीन सेकंदांनी मागे पडलेला,
भाऊजी