एकसष्ट नंबरची चाळीस मिनिटं

३ फेब्रुवारी, मंगळवार

वैद्यकीय नियतकालिकाचं पत्र आलं. पेपर त्यांना आवडलाय — पण! पाच ऑपरेशनांचं पूर्ण चित्रण हवंय, एक सेकंदही न कापलेलं. कुठली पाच, तेही त्यांनीच ठरवलंय: ८, २९, ६१, ७७, १०४.

सरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. चष्मा स्वच्छ होता. "बघू," म्हणाले. सर 'बघू' म्हणाले की समजायचं, बघायचं नाहीये.

एकशेवीस रुग्ण, सगळ्यांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलेलं, पद्धत सरांची, मुख्य पित्तनळीला इजा — शून्य. त्या शून्यावरच सगळा पेपर उभा आहे. मी दुसरी लेखिका. दोन वर्षं तक्ते भरून भरून माझी मान धरलीये. मग चित्रण द्यायला हरकत काय आहे?

४ फेब्रुवारी

चित्रणं मी काढून देते म्हटलं. सर म्हणाले, "तुम्ही कशाला? मी करतो." सर करतात! आजवर साधा एक कागद त्यांनी स्वतः झेरॉक्स केलेला नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पाल चुकचुकत होती ती उगाच नाही.

सर परीक्षक म्हणून बाहेरगावी गेलेत. दुपारची ऑपरेशनांची लिस्ट लवकर संपली, थिएटरमागच्या खोलीत बसून पाचही चित्रणं पाहिली. चार ठीक. एकसष्टमध्ये पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ ११:०४ वरून थेट ११:४४ वर जातं. चाळीस मिनिटं गायब! आधी नळ्यांभोवतीची चरबी सोडवणं चाललंय. नंतर पाहावं तर क्लिपा लागलेल्या, पित्ताशयाची नळी कापलेली. म्हणजे नेमका धोक्याचा भाग तेवढा नाही. कोणती नळी बंद करायची आणि कोणतीला हात लावायचा नाही, हे जिथे ठरतं, तोच.

रजिस्टर काढलं. गेल्या वर्षीचा १९ ऑगस्ट. सर्जन — सर. मदतीला — मी. तो दिवस मी कशी विसरेन? बाबा न्हाणीघरात पडले म्हणून नवऱ्याचा फोन आला, आणि मी हातमोजे काढून तशीच धावत सुटले. सर म्हणाले होते, "जा तुम्ही, मी बघतो." मी होते तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे जे काही झालं ते मी गेल्यावर. आणि मला कुणी अक्षरानं सांगितलं नाही!

७ फेब्रुवारी

थिएटरच्या मोठ्या सिस्टरना गाठलं. त्या दिवशी हत्यारं द्यायला त्याच उभ्या होत्या.

"एकसष्ट नंबरला काय झालं होतं हो?"

"मला काय आठवणार मॅडम? दिवसाला चार गॉलब्लॅडर निघतात इथे."

दहा वर्षांपूर्वी कुठल्या सर्जनने कुठली कात्री हरवली हे या बाईला आठवतं! मी हटले नाही. तेव्हा हातातली टॉवेलची चळत खाली ठेवून म्हणाल्या, "काही गोष्टी उकरू नयेत. तुमच्यासाठीच सांगते."

ही सरळ सरळ धमकी झाली. सरांनी यांनाही आपल्या बाजूला ओढलंय.

१० फेब्रुवारी

आज एकसष्ट नंबर स्वतः भेटला! सरांच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला. टेलर आहे, शाळांचे गणवेश शिवतो. मी ओळख दिली तर केवढा खूश झाला.

"सर दर महिन्याला बोलावतात. रक्त घेतात, सोनोग्राफी करतात. मी म्हणतो, अहो सर, मी ठणठणीत आहे, दिवसभर मशीन चालवतो. पण ऐकतील तर शप्पथ! वर आणि रोज आरशात डोळे बघायला सांगितलंय, पिवळे दिसतात का म्हणून."

"का ते सांगितलं?"

"काळजी घेतात हो. देवमाणूस आहे."

बाकीचे एकशेएकोणीस दोनदा येऊन गेले, सुटले. मग याच देवमाणसाला याच रुग्णाची एवढी काळजी का? दुखावलेली नळी आकसून कावीळ होतेय का, हे बघताहेत. दुसरं कारणच नाही. आणि या तपासण्यांची माझ्या तक्त्यात एकही नोंद नाही. त्या बिचाऱ्याला स्वतःच्याच पोटात काय झालं ते माहीत नाही, याचा मला भयंकर संताप आलाय.

११ फेब्रुवारी

सर आज माझ्याशी गोड बोलले. फारच गोड.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाजी निवडत होता, मान वर न करता म्हणाला, "तू सर्जन आहेस की फौजदार?"

मग म्हणाला, तीन वर्षांपूर्वीचा राग तू अजून काढतेयस. काढतेय तर काढतेय! आतड्याच्या पिळाच्या त्या दुर्मीळ केसचा अहवाल मी लिहिला, रात्रंदिवस संदर्भ शोधले, आणि छापून आला तेव्हा त्यावर सरांच्या मेहुण्याचं नाव. "चुकून राहिलं हो तुमचं," म्हणे. तेव्हा मी मूग गिळून गप्प बसले. तेव्हापासून सरांच्या प्रत्येक कागदाकडे मी दोनदा बघते, हे खरं आहे.

"सरळ विचार ना त्यांना," नवरा म्हणाला.

"म्हणजे ते सावध होतील."

"किंवा सांगतील."

याचा सगळ्यांवर विश्वास. म्हणून तर सुखात आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

विचारलं. एकसष्टमध्ये मधला भाग नाही, म्हटलं.

"यंत्र बंद पडलं होतं." लगेच. तारीख न विचारता, फाइल न बघता! सहा महिन्यांपूर्वीचं यंत्र कधी बंद पडलं ते तोंडपाठ?

मग सर हळूच म्हणाले, "आपण पेपर मागे घेऊ या."

दोन वर्षांचं काम! चार महिन्यांनी निवृत्त होताहेत, हा पेपर म्हणजे त्यांच्या आयुष्याची कमाई, आणि मागे घेऊ? हात स्वच्छ असलेला माणूस असं म्हणेल? दारापाशी पोचले तर मागून आवाज आला, "डॉक्टर, सोडून द्या हा विषय. माझं ऐका."

नाही ऐकणार. हा शून्य वाचून आणखी दहा ठिकाणचे सर्जन हीच पद्धत उचलतील. त्यातला एखादा नळी कापून बसला तर?

१७ फेब्रुवारी

अधिष्ठात्यांकडे लेखी तक्रार दिली. सहीसकट. पोच घेतली.

१८ फेब्रुवारी

बातमी माझ्याआधी वॉर्डात पोचली होती. मी शिरले की बोलणं थांबतं. मोठ्या सिस्टर माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. चहाला कुणी हाक मारली नाही.

सर मात्र नेहमीसारखे राउंडला आले. शेवटच्या खाटेपाशी मला म्हणाले, "बाबा कसे आहेत आता? काठी सुटली का?" एवढ्या सगळ्यात! मी "ठीक आहेत" म्हणून पुढे गेले. हा माणूस नाटकातच जायला हवा होता.

तरी दिवसभर तक्रारीची पोच पुन्हा पुन्हा काढून बघतेय. मी बरोबर आहे. मग हे कशाला?

२३ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं! अधिष्ठात्यांनी नेमलेल्या चौकशी समितीने चित्रणाच्या यंत्राच्या कंपनीचा माणूस बोलावला. तो म्हणाला, बाहेर दिलेल्या प्रतीत काटछाट केली तरी मूळ चित्रण यंत्राच्या आत राहतं. यंत्र बंदबिंद काही पडलं नव्हतं. सर सपशेल खोटं बोलले. त्या चाळीस मिनिटांची एक प्रत सरांना, एक मला देणार आहेत. शुक्रवारी सुनावणी.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सरांचं लेखी उत्तर आलं. एकच पान, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. उतरवून ठेवते:

"रुग्ण क्र. ६१ मध्ये क्लिप मी चुकून मुख्य पित्तनळीवर लावली. काही कापण्यापूर्वी चूक लक्षात आली. क्लिप काढली, नळीत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढला, नळी शाबूत होती. मग योग्य जागी क्लिप लावून शस्त्रक्रिया पूर्ण केली. रुग्णाला हे सांगितलं नाही, चित्रण कापलं, पेपरात नोंद केली नाही. हे तिन्ही अपराध माझे. तक्रारदार डॉक्टर त्या वेळी थिएटरमध्ये नव्हत्या. त्यांचा संबंध नाही."

जिंकले! अक्षर न् अक्षर मला वाटलं होतं तसंच. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग आता झोप लागेल ना?" टोमणा होता. असू दे.

शेवटची दोन वाक्यं मात्र खटकताहेत. मी नव्हते हे समितीने विचारलेलंच नाही. आपणहून कशाला लिहिलं? मला गोंजारून तक्रार मवाळ करून घ्यायचीये, दुसरं काय!

२६ फेब्रुवारी, गुरुवार

चाळीस मिनिटांची प्रत मिळाली. दुपारी खोलीचं दार लावून पाहिली.

११:०७. क्लिप लावायचं हत्यार नळीपाशी येतं आणि त्याचं तोंड दोनदा रिकामंच उघडतं-मिटतं. मग क्लिप लागते. चुकीच्या नळीवर. लावण्याआधी अशी दोनदा उघडझाप करण्याची खोड आमच्या विभागात एकीलाच आहे. सर दर ऑपरेशनला थोडा वेळ माझ्या हातात हत्यारं देतात, आणि रजिस्टरला नाव त्यांचंच लागतं. ११:१२ ला ते हत्यार बाहेर जातं. मी बाबांकडे निघाले, आणि ती क्लिप फोनच्या धसक्यात डोक्यातून पार गेली. मग सरांचा संथ हात आत येतो, थबकतो, आणि माझी क्लिप काढायला लागतो.

तीन आठवडे त्यांचं खोटं शोधत होते. ते समितीपुढे लेखी आहे, माझ्यासाठी लिहिलेलं. मला माझी लाज वाटते आहे.

उद्या अकरा वाजता समिती मला एकच विचारणार: सरांचं उत्तर तुम्हाला मान्य आहे का?