न निघालेला शनिवारचा अंक

नाना, परवा लेकीच्या शाळेच्या कामासाठी मी अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीचं एक वर्तमानपत्र वाचलं आणि दिवसभर तुमच्याशीच भांडत राहिले. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, तेव्हा भांडण एकतर्फीच झालं. पण तुम्ही होतात तेव्हा तरी काय वेगळं होतं? मी धुसफुसायची आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून प्रुफं तपासत बसायचात.

इकडे चौथीच्या मुलांना आपल्या गावाचा इतिहास शोधायला लावतात. कनेक्टिकटमधल्या या आमच्या गावावर तेव्हा इंग्रज राजाचा अंमल होता आणि इथून एक साप्ताहिक निघायचं. लायब्ररीत त्याच्या पानांच्या फिल्म आहेत. मशीनच्या पडद्यावर पान सरकवायचं आणि वाचायचं. लेक दहा मिनिटांत वैतागली. "आई, धिस इज सो वीअर्ड! आपल्या टाऊनचं काहीच नाहीये. ओन्ली लंडन, लंडन, लंडन." खोटं नव्हतं. पहिल्या पानावर राजाची तब्येत आणि फ्रान्सशी चाललेली लढाई, तीही तीन महिने शिळी. लायब्ररीतल्या म्हाताऱ्या बाई हसल्या. म्हणाल्या, "गावातलं गावाला तोंडोतोंडी कळायचं. ते वाचायला पेपर कोण घेईल? गाव हवं असेल तर शेवटच्या पानावरच्या जाहिराती बघा." आणि खरंच, तिथे गाव होतं. कुणाची तरी डावा कान कापलेली तांबडी गाय हरवली होती. एका नवऱ्याने जाहीर केलं होतं की बायको घर सोडून गेली आहे, तिची उधारी मी फेडणार नाही. आणि एका पळून गेलेल्या गुलामाचं वर्णन होतं, मालकाने दिलेलं: कपाळावर व्रण, अंगात निळा कोट. "या माणसाबद्दल एवढंच लिहिलेलं उरलंय," बाई म्हणाल्या, "आणि तेसुद्धा त्याला पकडण्यासाठी." लेकीने विचारलं, "डिड ही गेट अवे?" ते कुणालाच माहीत नाही.

मला मात्र तिथे बसल्या बसल्या आपल्या छापखान्यातला रॉकेलचा आणि शाईचा वास यायला लागला. शनिवारची सकाळ आहे. स्वयंपाकघरात आई कणकेची खळ शिजवतेय, मी आणि दादा तुमच्या साप्ताहिकाच्या अंकांच्या घड्या घालून पत्त्यांच्या पट्ट्या चिकटवतोय. पहिल्या पानावर दिल्ली, मॉस्को, पॅरिस, सगळं तुम्ही रेडिओवरून टिपून घेतलेलं. आपल्या तालुक्याला मॉस्कोचं काय पडलं होतं, देव जाणे. शेवटच्या पानावर हरवलेली म्हैस आणि शिंप्याचं दुकान हलवल्याची सूचना. तुमचा अंक कधी चुकला नाही. टायफॉइडने फणफणलेले असतानाही बाकावर पडून तुम्ही प्रुफं वाचलीत आणि आई तुमच्या कपाळावरच्या ओल्या घड्या बदलत बसली.

मी सातवीत असताना चार दिवसांच्या तापात आई गेली. त्या शनिवारी अंक निघाला नाही. पुढच्या शनिवारी निघाला, तेव्हा मी सगळ्यात आधी पहिलं पान पाहिलं. काळ्या चौकटीत कुठल्याशा परदेशचा अध्यक्ष होता. आई कुठेच नव्हती. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात एक सूचना होती: 'काही अपरिहार्य कारणामुळे मागील अंक प्रसिद्ध होऊ शकला नाही. वर्गणीदारांनी क्षमा करावी.' त्या दिवशीची खळ शेजारच्या काकूंनी करून दिली होती आणि तिच्यात गुठळ्या झाल्या होत्या. मी विचारलं, "नाना, आईचं का नाही छापलं?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गावाला माहीत नाही का? सगळं गाव दारात येऊन गेलं. माहीत असलेलं छापायचं नसतं. जा, घड्या घाल." मी घड्या घातल्या. पण अध्यक्षाला चौकट आणि आईला 'अपरिहार्य कारण', हा राग मी पुण्याच्या कॉलेजात नेला आणि मग सामानाबरोबर अमेरिकेतही आणला. रविवारच्या फोनवर तुम्ही थंडी किती ते विचारायचात, मी डिग्री सांगायची. आईचा विषय ना तुम्ही काढलात, ना मी.

तर लायब्ररीतल्या बाईंनी फिल्म पुढे सरकवली आणि एक आठवडा गळालेला दिसला. पुढच्या अंकात खाली दोन ओळी: अडचणीमुळे अंक निघू शकला नाही, ग्राहकांनी सांभाळून घ्यावं. लेकीने विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?" बाई आम्हाला समोरच्या चर्चमागच्या दफनभूमीत घेऊन गेल्या. एका तिरक्या झालेल्या पाटीच्या दगडावर कोरलं होतं, 'मुद्रकाची पत्नी', आणि तारीख त्याच आठवड्यातली. "मी सगळे अंक तपासलेत," बाई म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत त्याने फक्त हाच आठवडा छापखाना बंद ठेवला." मी ओल्या पानांवर तशीच बसले आणि रडले. लेकीला वाटलं, आई त्या मुद्रकाच्या बायकोसाठी रडतेय. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

नाना, तो अंक न निघालेला शनिवार मला आता नीट आठवतो. पाणी द्यायला म्हणून मी छापखान्याच्या दारात आले होते. तुम्ही शिशाच्या खिळ्यांच्या खणांसमोर उभे होतात. अक्षरं जुळवायची स्टिक हातात धरलेली आणि तिच्यात एकही खिळा नव्हता. मी तांब्या ठेवून परत गेले. तेव्हा वाटलं, आज काम नाही म्हणून नुसते उभे आहेत. तुम्ही आईची बातमी जुळवायला घेतली होतीत का? कितीदा प्रयत्न केलात? हे विचारायला माझ्या हाताशी कितीतरी रविवार होते आणि मी ते थंडीच्या गप्पांत घालवले. फार वाईट वाटतं.

हे पत्र टपालात पडणार नाही. पट्टीवर पत्ता कुठला लिहू? पण एक सांगायचं राहिलंय. तुम्ही गेल्याचा दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅफेटेरियात होते. व्हिसाचे कागद अडकले होते, मी तिकडे आले असते तर इथे परत येता आलं नसतं. मी आले नाही. मॅनेजरला एका ओळीची ईमेल केली: काही अपरिहार्य कारणामुळे सोमवारी येऊ शकणार नाही. मंगळवारी कामावर गेले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, "एव्हरीथिंग ओके?" मी म्हटलं, "येस, येस." आई गेल्याचं तरी सगळ्या गावाला माहीत होतं. तुमचं इथे अजून कुणालाच माहीत नाही, नाना.