पाच नंबर सीधा

१२ जून
देवासच्या टेकडीवर वारा उधळलाय. पाच नंबरची पवनचक्की वाऱ्याला जरा तिरपी धरायची, म्हणजे तिच्यामागचा भोवरा बाजूने निघून जातो आणि मागच्या सहाला स्वच्छ वारा मिळतो. पाचचं थोडं नुकसान, सहाचा जास्त फायदा. कागदावर. तीन दिवस झाले, सहाची वीज ढिम्म वाढत नाही. मी इंदूरच्या ऑफिसात स्क्रीनकडे बघत बसलेय.

१४ जून
सापडलं. पाचचा दिशेचा सेन्सर बिघडलाय, म्हणून साइटवर चक्क्या वळवणाऱ्या मालवीयजींच्या रजिस्टरचे फोटो मागवले. रोज एकच नोंद: ‘५ नं. सीधा’. मी उजवीकडे वीस अंश सांगितलेलं, यांनी वळवलीच नाही! सरांना लगेच मेल. रागात लिहिली, तशीच पाठवली.

१६ जून
सर म्हणाले, "पंधरा वर्षांची आदत आहे त्यांची, बदलणार नाही. हटवून टाकू." मालवीयजींना शुक्रवारी बोलावलंय. जरा जास्तच झालं का? पण माझा प्रयोग तर वाचला.

१७ जून
सकाळी घरमालकीण काकूंबरोबर छत्रीबागेतून राजवाड्याला, रिक्षाने. कृष्णपुऱ्याशी काकू म्हणाल्या, "भिया, यहाँ से सीधे हाथ ले लो." रिक्षा उजवीकडे वळली. मी म्हटलं, "भैया, सीधा बोला था ना, मुड़ क्यों गए?" रिक्षावाला म्हणाला, "मैडम, सीधे हाथ ही तो लिया." काकू हसल्या. "अगं, सीधा हात म्हणजे उजवा. तुझं पुण्याचं मराठी ठेव जरा बाजूला."

रजिस्टरातलं ‘५ नं. सीधा’! बाजार तसाच टाकून ऑफिस गाठलं, मालवीयजींना फोन. शांतपणे म्हणाले, "आपने दाएँ बोला, हमने सीधे हाथ घुमा दी. बीस डिग्री. और क्या लिखते?" वर म्हणाले, "वैसे इस हवा में उल्टे हाथ घुमानी थी. तब छह बचती. पर आपने पूछा नहीं."

म्हणजे वाचलं मी चुकीचं, आणि बाजूही मीच चुकीची निवडली; वळवायची होती डावीकडे.

१८ जून
मेल तीनदा लिहून खोडली. गप्प बसले तर कुणाला कळणार नाही, हेही मनात येऊन गेलं. लाज वाटते. शेवटी सगळं लिहून पाठवली. सरांचं उत्तर एका ओळीत: "शुक्रवारी दोघंही या."

१९ जून
मालवीयजींची फोनवर माफी मागितली. म्हणाले, "वो तो ठीक है, मैडम. पर हमने घर में बता दिया कि नौकरी गई."

 उद्या शुक्रवार. अकरा वाजता सरांसमोर, दोघंही.