काजलची तपासणी

तळोजे,
रविवार, दि. ९ जून १९९६

प्रिय साबिरा आपा,

अस्सलामु अलैकुम. तुझी तब्येत बरी असेल आणि दुल्हेभाईंचा गुडघा आता फार त्रास देत नसेल, अशी आशा करतो. बहारीनच्या उन्हात तुम्ही कसे राहता कोण जाणे, इथे जूनमध्येच आमचा जीव जातोय. आम्ही सगळे खुशाल. जुनैद पाचवीत गेला. गणितात कसा पास झाला ते तो आणि अल्लाच जाणे. नूरीनचे पुढचे दोन दात पडलेत आणि ती दिवसभर ते सगळ्यांना दाखवत फिरते.

तुझी भावजय शायमा सामान बांधतेय. तुला सांगायचं राहिलं होतं, नवीन पनवेलला आम्ही फ्लॅट बघितलाय, तिसऱ्या मजल्यावर. अब्बांच्या अंगणात इमारत उठणार आहे. बिल्डरला महिनाअखेर जागा मोकळी करून हवी आहे.

आता तू विचारशील, मग काजल कुठे राहणार? तिसऱ्या मजल्यावर घोडी चढवायला सोसायटीवाले तयार नाहीत. यावर हसली असशील तर बरं, कारण पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

काजलला मी विकायला काढली, आपा.

नेरळचा गंगाराम म्हणून एक घोडेवाला आहे. माथेरानला त्याची आठ घोडी चालतात. वरातीसाठी त्याला एक पांढरी घोडी हवी होती. गेल्या मंगळवारी तो आला, पण एकटा नाही, जनावरांची डॉक्टर घेऊन आला. डॉक्टर स्मिता, वय असेल पंचवीस-सव्वीस, उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढी. मी मनात म्हटलं, ही काय घोडी तपासणार? पण मी चुकलो होतो. दात, डोळे, खूर, पोट, सगळं तिने इतकं सावकाश बघितलं की काजलने चक्क मान तिच्या खांद्यावर टाकली. माझ्या खांद्यावर कधी टाकली नाही.

मग डॉक्टरने शेपूट वर केलं. शेपटाच्या बुडाला मेंदी होती, वरातीच्या घोडीला आपण लावतो तशी. लावायला तूच मला शिकवलंस. फक्त लग्नसराई संपून पंधरा दिवस झाले होते आणि मेंदी त्याच सकाळची होती. डॉक्टरने ओलं फडकं मागितलं आणि पुसत राहिली. मेंदी निघाली. खाली काळ्या गाठी होत्या. एक लिंबाएवढी, आजूबाजूला बोराएवढ्या चार-पाच.

मी म्हटलं, मला तर हे मेंदीचेच डाग वाटले होते. सुरुवातीला खरंच तसं वाटलं होतं, आपा. वर्षानुवर्षं एकाच जागी मेंदी लावली की कातडी काळवंडते, असं मी धरून चाललो होतो.

डॉक्टर रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "ही जन्मली तेव्हा काळी होती का हो?"

हिला कोणी सांगितलं, मला कळेना. मग तिने समजावलं. पांढरी घोडी बहुतेक काळीसावळीच जन्मते. वयाबरोबर केसांतला रंग जातो, पण कातडीतला राहतो, आणि म्हातारपणी कधी कधी त्याच्या अशा गाठी होतात. ते कुळकुळीत पिल्लू बघून तूच तिचं नाव काजल ठेवलंस. सहा-सात वर्षांत ती दुधासारखी पांढरी झाली, तेव्हा अब्बा येईल त्या पाहुण्याला विचारायचे, हिचा काळा रंग गेला कुठे? कोणालाच सांगता आलं नाही. आणि ही एवढीशी पोर हातात फडकं घेऊन सांगत होती की तो कुठे गेलाच नव्हता, सोळा वर्षं आतच होता. खुदाची कारागिरी बघून मी घडीभर सौदा विसरलो, माझी लबाडीही विसरलो.

डॉक्टर म्हणाली, अजून काही वर्षं जगेल, फक्त त्या जागी काही घासता कामा नये. गंगारामची नजर खुंटीवरच्या दुमचीकडे गेली. खोगीर पुढे सरकू नये म्हणून शेपटाखालून घालतो ना, तो चामडी पट्टा. त्याने विचारलं, ही घालत होतास का? मी म्हटलं, छे, वर्षभर हात लावलेला नाही.

त्याने खुंटीवरून तो काढला. पट्टा घेऊन काजलच्या मागे जाऊन उभा राहिला. आणि काजलने आपणहून शेपूट वर उचललं. कातडी थरथरत होती, कान मागे गेले होते, पण शेपूट तिने खाली घेतलं नाही. पट्ट्याची वाट बघत तशीच उभी राहिली.

एवढ्या आयुष्यात मी कोणापुढे इतका लहान होऊन उभा राहिलो नव्हतो.

आता खरं लिहितो. या गाठी आहेत हे मला गेल्या दिवाळीत कळलं होतं. तरी त्यानंतर मी सदतीस वराती केल्या. वाशी, नेरूळ, बेलापूर, बँड, फटाके, आणि प्रत्येक वेळी त्या गाठींवर तो पट्टा. तिने एकदाही लाथ मारली नाही, एकाही नवरदेवाला पाडलं नाही. मी समजायचो, तिला दुखत नसेल.

गंगारामने पट्टा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "घोडी कोनाची हाय?"

अब्बा गेल्यावर घर-अंगणातला हिस्सा सोडल्याच्या कागदावर तू सही केलीस, तेव्हा म्हणाली होतीस की मला दुसरं काही नको, काजल तेवढी माझी. मी म्हटलं, "बहिणीची."

"मग तिचं पत्र आन. त्याबिगर मी न्हेनार नाय."

कामाला न येणारी घोडी तू कशाला नेतोस, असं मी विचारलं. तो म्हणाला, त्याची दोन शिंगरं फार उधळतात, अशा घोडीजवळ राहिली तर शहाणी होतील. तिच्यावर कोणी बसणार नाही, हे तो डॉक्टरसमोर बोलला.

तेव्हा आता तू सांगशील ते. पाठव म्हणालीस तर मी तिला चालवत नेरळला सोडून येईन, गंगारामकडून एक पैसा घेणार नाही. नको म्हणालीस तर ती इथेच राहील आणि मीही. बिल्डरला तसं सांगून आलोय. शायमा कालपासून माझ्याशी बोलत नाही, तिचंही बरोबर आहे.

माझ्याबद्दल जे वाटेल तेही लिही. धाकटा म्हणून हात आखडू नकोस. तुझं पत्र मी गंगारामसमोर मोठ्याने वाचून दाखवणार आहे, सगळं.

तुझी अमानत ज्याला राखता आली नाही, तो तुझा भाऊ,
कासिम